पोरांची स्पेशालिस्टकडची अपॉइंटमेंट आणि फॅमिली रोड ट्रिप, दोन्ही एकाच फेरीत कसं जमवायचं

आमच्या धाकटीच्या स्पेशालिस्ट डॉक्टर गाडीने साडेसहा तासांवर आहेत. दर सहा महिन्यांनी जावंच लागतं. पहिली दोन वर्षं आम्ही काय करायचो तर मध्यरात्री उठून निघायचं, दुपारी दाखवायचं, रात्री उशिरा परत, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं घर आडवं. मग एकदा नवरा म्हणाला, एवढं पेट्रोल जाळतोच आहोत तर तिथून पुढे दोन दिवस कुठेतरी जाऊ की, मोठ्यालाही बरं वाटेल.

कल्पना झकास होती, पण पहिल्याच वेळी पार फसली. आम्ही आधी ट्रिप ठरवली आणि मग तिच्यात अपॉइंटमेंट कोंबली. लेकीचा झोपेतला ईईजी (डोक्याला वायरी चिकटवून मेंदूच्या लहरी बघायची टेस्ट) होता, म्हणजे रात्री उशिरापर्यंत जागं ठेवायचं, पहाटे लवकर उठवायचं, म्हणजे तिथे टेबलावर झोप लागते. आम्ही सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, पहाटे उठवलं, आणि गाडीत बसवलं! अर्धी झोप झालेलं पोर चालत्या गाडीत काय करणार? वीस मिनिटांत ढाराढूर. पोचलो तेव्हा बाईसाहेब टवटवीत आणि आम्ही दोघं पेंगतोय. दीड तास थोपटून, गाणी म्हणून झाली पण डोळा काही लागला नाही. शेवटी टेस्टला पुढची तारीख मिळाली, म्हणजे परत साडेसहा तास.

तेव्हापासून सात-आठ फेऱ्या झाल्या, त्यातून जे कळलं ते सगळं क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. औषध बंद करणं, डोस मागेपुढे करणं हे फक्त तुमच्या डॉक्टरांना विचारून.

पहिलं काम: या वेळी ट्रिप जोडायची की नाही

प्रत्येक व्हिजिटला ट्रिप जोडता येत नाही आणि जोडूही नये. नेहमीचा फॉलोअप असेल, पोर एकंदरीत ठीक असेल, तर खुशाल जोडा. पण पहिलीच व्हिजिट असेल आणि निदान काय होणार माहीत नसेल, तर मी जोडत नाही. ॲडमिट करून घेतील का, आणखी टेस्ट निघतील का, काहीच सांगता येत नाही, आणि मन तर थाऱ्यावर नसतंच.

ऑपरेशन असेल तर वेगळाच हिशोब. टॉन्सिलचं ऑपरेशन घ्या, वरून किरकोळ वाटतं, पोर दोन दिवसांत खेळायला लागतं, पण त्यात नंतरच्या आठवड्या-दीड आठवड्यातही रक्तस्राव होऊ शकतो, आणि झाला तर ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. मग कुठल्या आडबाजूच्या रिसॉर्टला जाऊन बसण्यात काय अर्थ आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल आणि तुमच्या डोक्यात उंच डोंगरातलं ठिकाण असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, साधारण अडीच हजार मीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की धडधाकट माणसालाही त्रास होऊ शकतो.

दुसरं: हॉस्पिटलला एक लांबलचक फोन

हा फोन हॉटेल बघायच्या आधी करायचा, नंतर नाही. अपॉइंटमेंट किती वाजता एवढंच विचारून ठेवू नका. त्या दिवशी कुठल्या टेस्ट होणार, त्यासाठी उपाशी ठेवायचं का, भूल किंवा गुंगीचं औषध देणार का, एकूण किती तास धरून चालायचं, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत यावं लागणार का, हे सगळं विचारा. सगळ्या टेस्ट एकाच दिवशी बसवून द्या म्हणावं, लांबून येतोय हे स्पष्ट सांगायचं, बऱ्याचदा ऐकतात.

परत यावं लागण्याचा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. टीबीसाठीची मॉन्टू टेस्ट म्हणजे हातावर टोचतात, आणि ती ४८ ते ७२ तासांनी बघावी लागते. त्या वेळेत माणूस समोर हवा, नाहीतर टेस्ट वाया. ॲलर्जीची पॅच टेस्ट असेल तर पाठीवर पट्ट्या दोन दिवस राहतात आणि त्या काढल्यावर परत एक-दोन दिवसांनी बघतात. आता हे कटकटीचं वाटतं, पण ट्रिप जोडायची असेल तर खरंतर सोन्यासारखं आहे. मॉन्टू सोमवारी टोचून घ्या, जवळपास दोन दिवस फिरा, बुधवारी दाखवून घरी. फक्त पॅचच्या पट्ट्या भिजवायच्या नसतात, घामही नको, म्हणजे समुद्र आणि स्विमिंग पूल बाद. हृदयाचे ठोके नोंदवत राहणारं हॉल्टर मशीन २४ तास छातीवर लावून पाठवलं तरी तेच, पाण्यात उतरायचं नाही, आणि मशीन परत द्यायला यावं लागतं.

तिसरं: अपॉइंटमेंट ट्रिपच्या कुठल्या टोकाला ठेवायची

यावर आमच्या घरात बरीच भांडणं झालीत. नवऱ्याचं म्हणणं, आधी मजा करू, पोरं खूश असतील, मग परत येताना डॉक्टर. माझं मत ठाम आहे, डॉक्टर आधी. मजा आधी केली की तिच्या डोक्यात रोज तेच, "आई डॉक्टरकडे परवा ना?", "आई सुई असणार का?", समुद्रावर वाळूत बसून हेच. शिवाय ट्रिपमधे उन्हातान्हात फिरून, बाहेरचं खाऊन एखादं पोर सर्दी-ताप-जुलाब घेऊन बसतंच, आणि ताप असला की भूल देऊन करायच्या टेस्ट पुढे ढकलल्या जातात. म्हणजे ज्यासाठी निघालो तेच राहिलं.

अपवाद एकच. टेस्टनंतर पोर काही दिवस फिरण्याच्या लायक राहणार नसेल, म्हणजे प्लास्टर घालणार असतील किंवा छोटं ऑपरेशन असेल, तर आधी फिरून घ्या. पण मग घरापासून हॉस्पिटलच्या दिशेनेच फिरा, आणि शेवटचा पूर्ण दिवस नुसत्या आरामाला ठेवा.

आमचा साचा आता ठरलेला आहे. पहिला दिवस प्रवास, हॉस्पिटलजवळ मुक्काम. दुसरा दिवस फक्त हॉस्पिटल, त्या दिवशी दुसरं काहीही ठरवायचं नाही. तिसरा दिवस मोकळा, राहिलेली टेस्ट, राहिलेला रिपोर्ट यासाठी. लागला नाही तर तिथूनच पुढे निघायचं. मग एक-दोन रात्री फिरणं आणि घर. पुढच्या मुक्कामाचं बुकिंग नेहमी फुकट कॅन्सल होणारं घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. पैसे अडकलेत म्हणून डॉक्टर "उद्या परत या" म्हणाल्यावर तोंड वाकडं करायची वेळ येऊ नये, मी केलंय ते, फार लाज वाटते नंतर.

चौथं: रस्ता आणि वेळ

मॅपवर जे तास दिसतात त्यात निदान एक तृतीयांश वाढवा. पोरांबरोबर दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं थांबायचंच, गाडी चालवणाऱ्यालाही ते लागतंच. तान्हं बाळ असेल तर त्याला कार सीटमधून (गाडीत लहान मुलांसाठी बसवतात ती पट्ट्यांची वेगळी सीट) बाहेर काढून पाठ मोकळी करू द्यायची. अकाली जन्मलेलं किंवा श्वासाचा त्रास असलेलं बाळ किती वेळ सलग सीटमधे बसवायचं हे डॉक्टरांनाच विचारा, मान पुढे पडून श्वास अडकू शकतो त्यांचा.

कार सीटवर तडजोड नाही. "रडतेय म्हणून मांडीवर घेते" हे मीही एकदा केलंय, परत करणार नाही. जाड जॅकेट घालून पट्टा लावू नका, पट्टा सैलच राहतो, आधी पट्टा आणि मग वरून पांघरूण.

आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी पहाटे निघून थेट पोचायचा हट्ट सोडा. टायर पंक्चर होणं, ट्रॅफिक, गाडीत उलटी हे सगळं नेमकं त्याच दिवशी होतं. आदल्या संध्याकाळी पोचा. मुक्काम चालत जाण्याइतका जवळ मिळाला तर उत्तम, पार्किंग शोधण्यात अर्धा तास घालवायची वेळ येत नाही, आणि मोठ्याला कंटाळा आला की एकजण त्याला घेऊन रूमवर जाऊ शकतो.

पाचवं: कुठली टेस्ट, त्याप्रमाणे प्रवास

हा भाग नीट वाचा, आमची माती इथेच झाली होती.

झोपेतला ईईजी असेल तर मुक्काम हॉस्पिटलच्या दारात हवा. सकाळचा गाडीचा प्रवास दहा मिनिटांच्या वर नको आणि तेवढ्या वेळातही एका मोठ्या माणसाने मागे बसून गप्पा मारत राहायचं. डोकं आदल्या दिवशी शांपूने धुवून ठेवा, तेल-कंडिशनर काही लावू नका, नाहीतर वायरी चिकटत नाहीत.

भूल किंवा गुंगी देऊन एमआरआय वगैरे असेल तर उपाशी ठेवतात. साधारण नियम असा की जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. काही हॉस्पिटलं पाणी याहून उशिरापर्यंत चालवतात, त्यामुळे तुम्हाला जे सांगितलंय तेच पाळा. इथे अडचण गाडीची असते. खाऊची पिशवी मागच्या सीटवर, भावंड बिस्किट खातंय, एक तुकडा उपाशी पोराच्या हातात, संपलं. उपाशी असायच्या वेळात गाडीतला सगळा खाऊ डिकीत टाका आणि मोठ्याला आधीच सांगून ठेवा. आमचा मोठा तर आता स्वतःच पिशवी मागे ठेवतो आणि वर धाकटीला ऐकवतो की मीपण उपाशी आहे (नसतो).

डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असतील तर कुठला थेंब ते विचारा. काहींचा असर काही तासांत जातो, काहींचा दिवसभर राहतो, आणि ॲट्रोपिनचा तर आठवडा-दोन आठवडेसुद्धा. तेवढे दिवस उजेड डोळ्यांना टोचतो आणि जवळचं धूसर दिसतं. मग भर दुपारचा समुद्रकिनारा काय कामाचा. गॉगल, टोपी घ्या, आणि संध्याकाळी फिरायचं ठरवा. चित्रं रंगवायची वही सोबत घेतली असेल तर तीही बॅगेतच राहणार.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. ॲलर्जीची स्किन प्रिक टेस्ट (त्वचेला हलकंसं टोचून पुरळ उठतं का बघतात ती) असेल तर अँटिहिस्टामिन, म्हणजे सर्दी-ॲलर्जीवर देतात ती औषधं आधी काही दिवस, साधारण ५ ते ७, बंद ठेवायला सांगतात. आपण सर्दीची गोळी बंद करतो, पण गाडी लागू नये म्हणून जे देतो ते? त्यातली बरीचशी औषधं अँटिहिस्टामिनच असतात! घाटाच्या रस्त्याआधी एक डोस दिला की टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे ॲलर्जी असूनही नाही असं दिसतं. म्हणून प्रवासात जे काही देणार असाल त्याचं नाव आधी फोनवर सांगून विचारा.

गाडी लागण्यावरून आठवलं, हा त्रास २ ते १२ वर्षांच्या मुलांना जास्त होतो. औषधाशिवायचे उपाय आधी करून बघा. मोबाइल-पुस्तक बंद, नजर लांब समोर, काच थोडी खाली, पोट भरगच्चही नको आणि अगदी रिकामंही नको. प्रोमेथाझिन हे औषध २ वर्षांच्या आतल्या मुलांना देत नाहीत, श्वास मंदावण्याचा धोका असतो, त्यामुळे घरात मोठ्या मुलाची बाटली पडलीय म्हणून तीच धाकट्याला असं करू नका.

सहावं: कागदं आणि औषधं

फाइल एकच, तारखेने लावलेली, सगळ्यात नवीन कागद वर. पहिल्या पानावर मी हाताने लिहिलेलं एक पान असतं: वजन किलोमधे (पोरांचे डोस वजनावर ठरतात), चालू औषधं डोससकट, ॲलर्जी, आधीचे ॲडमिशन, आणि मागच्या व्हिजिटनंतर काय-काय झालं ते तारखांसह. स्कॅनचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, चित्रंही न्या, सीडीवर किंवा पेनड्राइव्हमधे डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ चित्रं असलेल्या) मिळतात. डॉक्टरांना रिपोर्ट वाचण्यापेक्षा चित्र स्वतः बघायचं असतं. फिट्स, विचित्र हालचाली, झोपेतला घोरण्याचा आवाज असं काही असेल तर मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

औषधं ट्रिपच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवस जास्तीची न्या, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि दोन बॅगांत विभागून. डोसचा अलार्म दोघांच्या फोनवर लावा, प्रवासात वेळेचं भान राहत नाही, आणि फिट्सच्या औषधाचा डोस चुकणं आणि झोपमोड या दोन्ही गोष्टी फिट आणू शकतात. इमर्जन्सीचं औषध, म्हणजे नाकात मारायचा स्प्रे, इनहेलर, ॲड्रेनालिनचं पेन (जोरदार ॲलर्जी उठली तर टोचायचं इंजेक्शन), हे कधीही डिकीत नाही. ते पोराच्या शेजारी बसणाऱ्याच्या हाताशी.

पार्क केलेली गाडी म्हणजे भट्टी. बाहेर २२ अंश असलं तरी तासाभरात आत ४० च्या वर जातं, आणि काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. त्यामुळे औषधं गाडीत सोडायची नाहीत, पोराला तर एक मिनिटही नाही, "झोपलीय, राहू दे, मी पटकन येतो" हे तर अजिबातच नाही. इन्सुलिन असेल तर न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवतात, बर्फाला थेट चिकटू द्यायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी फेकायचंच.

सातवं: पोराला काय सांगायचं

खरं सांगा. "फिरायला चाललोय" म्हणून नेऊन हॉस्पिटलच्या गेटमधे गाडी वळवली ना, की पुढच्या प्रत्येक ट्रिपला ते पोर खिडकीतून पाट्या वाचत बसतं. आमच्या ओळखीत एकाने केलं होतं, त्यांचा मुलगा वर्षभर गाडीत बसायला तयार नव्हता. लहान असेल तर एक-दोन दिवस आधी सांगा, मोठं असेल तर आठवडाभर आधी. दुखणार असेल तर "थोडं दुखेल, मी हात धरून असेन" एवढंच. "अजिबात दुखत नाही" नको. सुईच्या जागी बधिर करायचं क्रीम मिळतं, त्याला असर व्हायला तासभर लागू शकतो, म्हणून पोचल्या-पोचल्या मागा.

फिरणं हे बक्षीस करू नका. "रडली नाहीस तर समुद्रावर जाऊ" म्हटलं आणि ती रडली, मग? नेणार नाही का? भावंडाचाही विचार करा, अख्खी ट्रिप धाकटीच्या आजाराभोवती फिरतेय हे मोठ्याला कळतं. आम्ही एक ठिकाण पूर्ण त्याच्या पसंतीचं ठेवतो, ते कितीही कंटाळवाणं असो. मागच्या वेळी जुन्या रेल्वे इंजिनांसमोर अडीच तास उभे होतो.

आठवं: हॉस्पिटलचा दिवस

कामं आधी वाटून घ्या. एकजण डॉक्टरांशी बोलणार आणि लिहून घेणार, दुसरा मुलांबरोबर. प्रश्न आदल्या रात्रीच लिहा, सगळ्यात महत्त्वाचे तीन वर, कारण वेळ संपते आणि शेवटचे राहतात. अवघड काही बोलायचं असेल तर डॉक्टरांना सांगा की पोराला बाहेर पाठवून बोलू. आणि ट्रिपबद्दलही इथेच विचारून टाका: पोहायला चालेल का, उन्हात चालेल का, कुठलं लक्षण दिसलं तर फिरणं सोडून परत यायचं, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. हे कागदावर लिहून घ्या. पुढच्या मुक्कामाजवळ लहान मुलांची इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल कुठलं तेही रूमवरच्या वायफायवर शोधून ठेवा, डोंगरात रेंज नसते.

नववं: तिथून पुढे

गुंगीचं औषध दिलं असेल तर त्या दिवशी लांबचा प्रवास नकोच. जवळच्या रूमवर जायलासुद्धा दोन मोठी माणसं हवीत, एक चालवायला आणि एक मागे शेजारी, मान पुढे पडत नाहीये ना, श्वास नीट आहे ना बघायला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सायकल, झोपाळे, चढण्या-उतरण्याचे खेळ नाहीत. प्लास्टर घातलं असेल तर निघायच्या आधी कार सीटमधे बसवून बघा, कमरेपासून खाली प्लास्टर असेल तर नेहमीच्या सीटमधे पोर बसतच नाही, त्याची सोय आधीच विचारायची.

आणि बातमी वाईट निघाली तर? एकदा आमचं झालं तसं, औषध वाढवलं, आणखी एक टेस्ट सांगितली. पुढचं बुकिंग होतं. मला घरी जायचं होतं, नवरा म्हणाला जाऊ, पोरांना काय माहीत. गेलो, पण ठरवलेलं काही केलं नाही, नुसते रूमच्या बाहेर खुर्च्या टाकून बसलो आणि पोरं मातीत खेळली. ते ठीक होतं. कॅन्सल करून घरी आलो असतो तरी ठीकच होतं. एक मात्र सांगते, गाडीत स्पीकरवर नातेवाइकांना रिपोर्ट सांगू नका. मागच्या सीटवर डोळे मिटलेलं पोर झोपलेलं असतंच असं नाही.

पुढची तारीख काउंटरवरच घ्या, शाळेच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर फोनवर उघडून. घरी जाऊन फोन करू म्हटलं की मिळते ती नेमकी परीक्षेच्या आठवड्यातली. आमची पुढची शुक्रवारची आहे, मोठ्याने शनिवारसाठी परत ती इंजिनंच निवडलीत.